साडेअठराशेचे स्पोर्ट पेडल आणि नवले पुलाचा उतार

गाडी माझी २०१९ ची स्विफ्ट, मॅन्युअल, आणि हौस काय तर दार उघडल्यावर पायापाशी चकचकीत ॲल्युमिनियमचे पेडल दिसावेत, बास. बायको तेव्हाच म्हणाली होती की तिथे वाकून बघणार कोण आहे. पण इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, लाल मॅटवर तीन पेडल (म्हणजे मूळ पेडलवर चढवायची कव्हरं), "स्विफ्टसाठी खास, ड्रिल नको, दहा मिनिटांत घरी बसवा", किंमत १८५०. कमेंट बंद होत्या, तिथेच कळायला पाहिजे होतं खरं तर. ३५० ॲडव्हान्स यूपीआयने, उरलेले १५०० कुरिअरवाल्याला कॅश, आणि पैसे दिल्याशिवाय बॉक्स उघडू देणार नाही असं तो म्हणाला, मीही ऑफिसच्या गडबडीत दिले.

बॉक्समध्ये निघालं युनिव्हर्सल किट. म्हणजे कुठल्याही गाडीला क्लॅम्पने आवळायच्या प्लेटा, चार-पाच बोल्ट, एक ॲलन की, कागद-बिगद काही नाही. स्विफ्टचं माप तर नाहीच, ब्रेकची प्लेट मूळ पेडलपेक्षा दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर. सहज म्हणून फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघितलं तर टपकन चिकटलं, म्हणजे ॲल्युमिनियम नाहीच, पत्र्यावर पॉलिश. पाय सरकू नये म्हणून वर जे रबराचे ठिपके असतात ते नुसते चिकटवलेले, एक तर नखाने निघाला. चांगल्या किटमध्ये हे रबर प्लेटच्या भोकातून आरपार बसवलेलं असतं आणि कव्हर मूळ रबरासारखंच पेडलच्या कडेवर चढतं, बोल्टचा संबंधच येत नाही, हे मला नंतर कळलं.

आता सगळ्यात लाज वाटते ती इथे. माल खोटा आहे हे कळलं होतं, तरी मी तो बसवला. पैसे तर गेलेत, निदान दिसायला तरी बरं दिसेल, असा हिशोब. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उलटा होऊन क्लच आणि ब्रेकचं रबर ओढून काढलं (ते हातानेच निघतं), प्लेटा आवळल्या. नशीब एवढंच की एक्सलरेटरला भोक पाडलं नाही, तो प्लॅस्टिकचा असतो आणि त्याला सेन्सर असतो, तिथे ड्रिल मारलं असतं तर खर्च कुठच्या कुठे गेला असता. त्यालाही क्लॅम्पच लावला. लॉक नट (हादऱ्याने ढिले न होणारे) नव्हते, साधे नट, म्हटलं आवळलेत की घट्ट.

तीन आठवडे काही झालं नाही. मग साताऱ्याहून परत येताना, कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलाकडे जो उतार लागतो, पुण्यातल्या माणसाला सांगायला नको तो किती तीव्र आणि अपघातांचा आहे, तिथे पुढे ट्रक स्लो झाला म्हणून ब्रेक दाबला आणि इंजिन बोंबललं. ब्रेकची प्लेट क्लॅम्पमध्ये फिरून तिची कड एक्सलरेटरवर चढली होती, म्हणजे एकाच पायाने दोन्ही दाबले जात होते. डोकं चालेना, पण डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला, उजवा पाय उचलून ब्रेकच्या डाव्या कडेवर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डाव्या पट्ट्याला घेतली. मागच्या टेम्पोवाल्याने जो हॉर्न दिला तो अजून ऐकू येतो. बायको मागे पोराला धरून बसलेली, एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तिथेच गाडीतल्या पान्याने प्लेटा काढल्या आणि रबर नसलेल्या नुसत्या लोखंडी पेडलवर पाय ठेवत घरी आलो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बघून एवढंच विचारलं, "दादा, ब्रेकला कुणी असलं लावतं का?"

मग रागाच्या भरात त्या सेलरला फोन केला आणि इथे दुसऱ्यांदा गंडलो. अगदी गोड बोलला, सॉरी सर, लगेच रिफंड करतो, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा. मी केला, पिन टाकला, १८५० आले तर नाहीतच, उलट आणखी गेले. वर म्हणतो चुकून झालं, परत स्कॅन करा, दोन्ही एकदम येतील. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. अहो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मी स्वतः आईला शिकवलंय! लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार दिली, मालाची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी. तक्रारीचे नंबर दोन मिळालेत, पैसे अजून नाहीत. १९१५ ला विक्रेत्याचा पत्ता विचारतात, आणि माझ्याकडे काय, एक मोबाइल नंबर, तोही आता बंद.

जुनी रबरं टाकली नव्हती ते बरं, तीच परत चढवली. परवा रात्री मोबाइल बघत होतो तर परत तीच जाहिरात, पेजचं नाव वेगळं, लाल मॅट तीच, भाव आता १४९९.