एएम-एफएम नीट समजून घ्यायचंय? ऑक्टेव्ह टाका

ई अँड टीसीवाल्यांनो (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचं लायसन्स नाही म्हणून अडून बसू नका, जीएनयू ऑक्टेव्ह हे तसंच सॉफ्टवेअर डाउनलोड करा. एकदम फुकट आहे, जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये लिहायला घेतलेलं आणि आजही चालू असलेलं काम आहे, मॅटलॅबचा साधा कोड बहुतेक वेळा आहे तसाच चालतो. मी मॉड्युलेशनची (म्हणजे मेसेज कॅरियर लहरीवर चढवायची, एएममध्ये लहरीची उंची बदलून, एफएममध्ये फ्रिक्वेन्सी बदलून) प्रॅक्टिकल्स पोरांकडून यावरच करून घेते आणि माझं तर ठाम मत झालंय की लॅबमधल्या हार्डवेअर किटच्या आधी हेच करायला हवं.

किटवर काय होतं, नॉब फिरवला, डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) आकार आला, जर्नलमध्ये काढला, संपलं. इथं कॅरियर, मेसेज सगळं आपणच बनवायचं. मी कॅरियर १० किलोहर्ट्झ, मेसेज ५०० हर्ट्झ, सॅम्पलिंग २०० किलोहर्ट्झ ठेवते, एएम एका ओळीत होतं. मग मॉड्युलेशन इंडेक्स (मेसेज किती जोरात चढवला ते) ०.५ चा १.५ करा आणि हिल्बर्ट फंक्शन लावून त्याची अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू काढा, म्हणजे एन्व्हलप (लहरीच्या शिखरांची बाहेरची रेषा) मिळतो. मेसेजचा जो भाग शून्याच्या खाली जायला हवा तो उलटा होऊन वर आलेला दिसतो, ओव्हरमॉड्युलेशनला (इंडेक्स १ च्या वर गेला की) आवाज का फाटतो ते मग पाठ करावं लागत नाही.

पण खरी मजा एफएमला. बऱ्याच जणांचा कोड इथंच गंडतो, कोसाइनच्या आत कॅरियर फ्रिक्वेन्सीत सरळ मेसेज मिळवतात आणि त्याला टाइमने गुणून मोकळे होतात. दिसायला अगदी बरोबर वाटतं हो, पण फ्रिक्वेन्सी म्हणजे फेज बदलायचा वेग, म्हणून मेसेजचं आधी इंटिग्रेशन करायचं, कमसम (बेरीज करत जाणारं फंक्शन) घेऊन सॅम्पलिंग रेटने भागलं की झालं. तसं नाही केलं तर डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सी कॅरियरपासून किती सरकते ते) वेळेबरोबर वाढतच जातं आणि स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पॉवर ते) भलताच पसरतो, दोन्ही प्लॉट एकाखाली एक काढून बघाच. आणि एक, डेव्हिएशन १२०२.५ हर्ट्झ ठेवा म्हणजे बीटा (डेव्हिएशन भागिले मेसेजची फ्रिक्वेन्सी) २.४०५ होतो, १ सेकंदाच्या सिग्नलचा स्पेक्ट्रम दाखवणारा एफएफटी काढा, मधली कॅरियरची रेघच गायब! सगळी पॉवर साइडबँडमध्ये, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या रेघांत गेलेली. या रेघांची उंची सांगणाऱ्या बेसल फंक्शनचा तक्ता वर्गात कितीही वेळा फळ्यावर लिहिला तरी हे असं डोळ्यासमोर येत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सिग्नल आणि कम्युनिकेशन्स ही पॅकेजं दरवेळी लोड करावी लागतात, विसरलात की फंक्शन सापडत नाही म्हणून ओरडतं. कम्युनिकेशन्समधलं तयार एएममॉड नुसता मेसेज गुणिले कॅरियर करतं, म्हणजे कॅरियर सप्रेस्ड (दाबून टाकलेला), पुस्तकातल्या एएमसारखा आकार येईल म्हणून बसलात तर गोंधळ होणार, म्हणून सुरुवातीला तयार फंक्शनला हातच लावू नका. गुणताना स्टारच्या आधी टिंब द्यायचं राहिलं की नॉनकन्फॉर्मंटचा एरर ठरलेला. लाखो पॉइंटचा प्लॉट झूम करताना अडकतो, पहिले २ मिलिसेकंदच प्लॉट करत जा. मॅटलॅबच्या सिम्युलिंकसारखे ब्लॉक जोडायची सोय नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. हवेतला खरा एफएम सिग्नल पकडायचा असेल तर मात्र जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर आणि एखादा स्वस्तातला आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) घ्या, ते ऑक्टेव्हचं काम नाही.