ओम्नीचे ट्रॅक्शन बार: लोखंड उत्तम, रबर टाकाऊ

ट्रॅक्शन बार म्हणजे गाडी सुटताना मागच्या अ‍ॅक्सलचा पिळा रोखणारे लोखंडी दांडे. १.३ लिटरचं इंजिन बसवलेल्या ओम्नीच्या मागच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) या सेटने उसाचा एक हंगाम आणि एक पावसाळा काढला. बार अजून सरळ आहेत, वेल्डिंगला कुठे केसाएवढीही चीर नाही. पण टोकाचे रबरी बफर फाटले, एका बाजूचा तर पत्र्यापासून पूर्ण सुटला. लोखंड कितीही चांगलं असलं तरी या बारचं सगळं काम शेवटी त्या दोन रबरांवर येऊन पडतं, म्हणून बरंचसं त्यांच्याविषयीच लिहितो आहे.

गाडी जोरात सुटते तेव्हा चाकं पुढे ढकलतात आणि डिफरन्शियलचं हाऊसिंग (मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरची पेटी) उलट्या दिशेने पिळलं जातं. पिनियनचं नाक, म्हणजे इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो ते टोक, वर उचलतं, पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो आणि मागचा खाली दबतो. टायर घसरला की पिळा एकदम सुटतो, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा पिळा बसतो. मागून येणारा धडधडाट तो हाच, यालाच हॉप म्हणतात. मूळ ७९६ सीसीच्या इंजिनात एवढा जोरच नव्हता, त्यामुळे ओम्नीचे पातळ पाटे कधी उघडे पडले नाहीत. बार यू-बोल्टने हाऊसिंगजवळ आवळलेला असतो. हाऊसिंग पिळलं की बारचं पुढचं टोक वर येतं आणि पाट्याच्या पुढच्या बुशखाली (पाटा बॉडीला जिथे जोडतो तिथली रबरी नळी) टेकतं. पिळा तिथेच थांबतो, आणि त्याच जोराने बॉडी वर, अ‍ॅक्सल खाली दाबला जातो.

आता लांबी. सेट 'युनिव्हर्सल' म्हणून विकतात, पण ओम्नीला तो लांब पडतो. पाट्याच्या सेंटर बोल्टपासून पुढच्या बुशच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि रबराचा मध्य बरोबर तिथे येईल असा बार कापून घ्या. टोक बुशच्या अलीकडे, मोकळ्या पाट्यावर टेकलं तर दर वेळी मेन पाटा तिथेच वाकतो आणि पुढे तिथेच तुटतो. हे काम दुकानदाराच्या भरवशावर सोडू नका.

बुश आणि रबर यांच्यातलं अंतर हाच या बारचा कान पिळायचा स्क्रू. गाडी चारही चाकांवर, अर्धी टाकी पेट्रोल, चालक जागेवर बसलेला, तेव्हाच मोजा. बॉडी जॅकवर उचलून मोजलं तर अ‍ॅक्सल लोंबतो, पाट्याची कमान वाढते आणि अंतर खोटं जास्त दिसतं. शर्यतीसाठी उजवीकडे ३ मिलिमीटर आणि डावीकडे १२, इथून सुरुवात करा. दोन्हीकडे सारखं ठेवायचं नाही, कारण मागून पाहिलं तर प्रोपेलर शाफ्ट घड्याळाच्या उलट फिरतो आणि तो जोर अ‍ॅक्सलची उजवी बाजू उचलू पाहतो. उजवं चाक हलकं झालं की साधं डिफरन्शियल सगळा जोर तिथेच वाया घालवतं. अमेरिकन गाड्यांत चालक डावीकडे असतो, म्हणून तिकडची मापं आपल्याला तशीच लागू होत नाहीत. आपला चालक उजवीकडे खरा, पण ओम्नीत तो जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो, त्याचं वजन मागच्या उजव्या चाकाला फार थोडं मिळतं.

निकाल रस्त्यावर दिसतो. फक्त उजव्या टायरचा काळा पट्टा उमटला तर उजवं अंतर आणखी कमी करा. फक्त डावा उमटला तर उजवं वाढवा. पट्टा तुटक-तुटक असेल तर हॉप अजून गेलेला नाही, आधी मागचे शॉक तपासा. टोकाचं रबर ज्याने वर-खाली होतं तो बोल्ट एम१२ असेल तर एक पूर्ण फेरा म्हणजे १.७५ मिलिमीटर. एका वेळी एकच फेरा, एकाच बाजूला, आणि लॉक नट आवळल्यावर अंतर पुन्हा मोजायचं, कारण आवळताना बोल्ट थोडा फिरतोच.

आता रबर. सेटबरोबर येणारं रबर एका पत्र्यावर नुसतं चिकटवलेलं आहे. आरपार बोल्ट नाही, कडेला वाटी नाही. सुटताना त्यावर नुसता दाब येत नाही. टोक वर येताना किंचित पुढे-मागेही सरकतं आणि रबर घासलं जातं. चिकटवण घासण्याला टिकत नाही. रबर निघालं की लोखंडी पत्रा थेट बुशवर आदळतो, बुश फुटतो, आणि मग बारपेक्षा पाट्याचा खर्च मोठा होतो. विक्रेत्याचं म्हणणं असं की रबर झिजणारा भाग आहे, हमीत बसत नाही. मान्य. मग तो सुटा विकावा. सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या, हे उत्तर संताप आणणारं आहे. मूठभर रबरासाठी कुणी दोन चांगले बार भंगारात का घालावेत?

उपाय स्वस्त आहे. ४० मिलिमीटर व्यासाचा पीयू (पॉलियुरेथेन) रॉड घ्या, कडकपणा शोअर ए या मापाने ८० च्या आसपास. ९० च्या वर गेलात तर धक्का सगळा बुशला बसतो. ३० मिलिमीटरचे दोन तुकडे, मधून १२.५ चं आरपार छिद्र, वरून २० व्यासाचा आणि २० खोल खड्डा. त्यात एम१२ चा अ‍ॅलन बोल्ट बसला की त्याचं डोकं पृष्ठभागाच्या ८ मिलिमीटर खाली राहतं, म्हणजे पीयू बराच झिजला तरी लोखंड बुशला लागत नाही. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला कुठलाही टर्नर हे करून देईल. त्याला एवढंच सांगा की टूल धारदार हवं आणि काप हळू घ्यायचा, नाहीतर पीयू तापून ओढला जातो आणि छिद्र वाकडं येतं. खाली मोठा वॉशर घाला, जुना चिकटवलेला पत्रा काढून टाका.

सुरुवातीच्या दिवसांत या बारवर आणखी एक राग होता: स्पीड ब्रेकरवर ठणठणाट. तो राग मागे घेतो. मागे माणसं किंवा पोती बसली की पाट्याची कमान सपाट होते, अंतर मिटतं आणि बार बुशवर वाजतो. रोजच्या वापरात दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर ठेवलं की आवाज बंद. बारमध्ये दोष नाही, शर्यतीचं माप घेऊन बाजारात गाडी फिरवणं चूक.

पावसाळ्याने मात्र नवीन गोष्ट दाखवली. कृष्णाकाठची काळी माती त्या फटीत भरते, वाळते आणि विटेसारखी घट्ट होते. मग अंतर मोजायला जागाच उरत नाही. एकाच बाजूला भरली तर गाडी सुटताना एका बाजूला ओढते आणि माणूस डिफरन्शियलला दोष देत बसतो. शेताच्या वाटेवरून आल्यावर पाण्याचा फवारा आधी तिथे मारा.

यू-बोल्ट नवेच घाला. एकदा ताणलेला जुना बोल्ट पुन्हा आवळला तरी धरत नाही. टॉर्क पान्याने, कोपऱ्याकोपऱ्याने आवळा आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हँडब्रेकची केबल बारला घासत नाही ना, हेही त्याच वेळी पाहा. पिनियनचं नाक प्रोपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा २ ते ३ अंश खाली ठेवा. बार नसताना पाटा जास्त पिळतो, तेव्हा ५-६ अंश लागतात. त्यासाठीची पाचर लोखंडीच हवी. अ‍ॅल्युमिनियमची पाचर दबते आणि यू-बोल्ट ढिले पडतात.

वजनाबद्दल. रिकामी ओम्नी धुरजड (पुढून जड) आहे, सुटताना ती उलार (मागून जड) व्हायला हवी. चालकासह ९०० किलो, गुरुत्वमध्य ६०० मिलिमीटरवर आणि वेग वाढण्याचा दर ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट) धरला, तर १८४० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर साधारण ११७ किलो मागे सरकतात. आखूड आणि उंच गाडीचा हा फायदा. पण बरेच जण वजन कमी करायला मागची सीटच काढतात, म्हणजे ज्या चाकांना भार हवा तीच हलकी होतात. काढायचं तर पुढून काढा. पुढचे शॉक लांब होताना मऊ असतील तर नाक लवकर उचलतं. मागच्या टायरची हवा २६ पीएसआयपासून दोन-दोनने उतरवून पाहा. १८ च्या खाली जाऊ नका, बाजूची भिंत दुमडते.

अमेरिकेतले कॅलट्रॅक्स बार रचनेने सरस आहेत, टोक नुसतं टेकत नाही, पुढच्या बुशपाशी फिरणारा सांधा पाट्याला खाली दाबतो. पण ते तिकडच्या जड गाड्यांच्या मापाचे. या ताकदीच्या ओम्नीसाठी मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

हे सगळं बंद धावपट्टीसाठी आहे. ॲम्बी व्हॅलीच्या (लोणावळ्याजवळ) पट्टीवर अशा पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, शर्यती झाल्या आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्गाचा सर्व्हिस रोड त्यासाठी नाही. बदललेलं इंजिन आरसीवर चढवलेलं नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, अशी गाडी ट्रेलरवरूनच न्या. आणि पट्टीवर जाताना पीयूचे दोन जास्तीचे तुकडे, १९ चा पाना आणि १० ची अ‍ॅलन की जवळ असू द्या.