शिरेचं तोंड उघडं ठेवणारी कडी: मायक्रोव्हॅस्क्युलर कपलरचं परीक्षण

मांडीची त्वचा जिभेच्या जागी किंवा पोटाची चरबी स्तनाच्या जागी बसवायची, तर फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट काढलेला ऊतीचा तुकडा, उचलणं हे निम्मंच काम. बाकीचं सगळं २-३ मिमी रुंदीच्या दोन नळ्यांवर अडलेलं असतं: एक धमनी, एक शीर. धमनी जोडली की रक्त आत शिरतं. शीर नीट जोडली गेली नाही तर ते आतच कोंडतं आणि फ्लॅप जांभळा पडत जातो. फसलेल्या फ्लॅपमध्ये धमनीपेक्षा शिरेतली गुठळी जास्त वेळा सापडते. शिरेची भिंत पातळ, आतला दाब कमी, त्यामुळे थोडा पीळ पडला किंवा शेजारी रक्त साचून दाब आला की ती चपटी होते. कपलर, म्हणजे टाक्यांऐवजी दोन कड्यांनी शिरेची टोकं जोडणारं छोटं उपकरण, नेमका हाच सांधा सांभाळायला बनवलेला आहे.

कल्पना जुनी आहे. नाकायामा आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये काटे असलेल्या धातूच्या कड्या वापरल्या. १९८६ मध्ये ऑस्ट्रुप आणि बेरग्रेन यांनी युनिलिंक नावाने आजच्या रूपाजवळची रचना मांडली. सध्या सर्वाधिक ओळखीचा आहे तो सायनोव्हिस कंपनीचा जेम कपलर. पॉलिइथिलीनच्या दोन कड्या, प्रत्येकीवर ६ स्टीलचे काटे आणि त्यांच्या मधोमध ६ भोकं. एका कडीचे काटे दुसरीच्या भोकांत घट्ट रुततात. शिरेची टोकं बाहेरच्या बाजूला उलटून काट्यांवर अडकवलेली असतात, म्हणून आतलं अस्तर थेट अस्तराला भिडतं. रक्ताच्या वाटेत ना धागा, ना काटा, ना प्लॅस्टिक. हाताने घातलेल्या टाक्यांत १०-० नायलॉनचा धागा केसाहून बारीक असला तरी थोडासा आत राहतोच. शिवाय एखादा टाका चुकून पलीकडची भिंत पकडतो आणि तोंड बंद करतो. कपलरमध्ये ही चूक होणं जवळपास अशक्य. आमच्या मते त्याचा खरा फायदा हाच. वाचणारा वेळ नंतर येतो.

वेळही वाचतो म्हणा. तयारी झालेली असेल तर ५ मिनिटांच्या आसपास सांधा पुरा होतो. त्याच शिरेला हाताने ८ ते १२ टाके घालायला सरावलेल्या हातालाही २० मिनिटं सहज जातात. फ्लॅपमध्ये स्नायू असेल तर हा फरक महत्त्वाचा, कारण त्वचेपेक्षा स्नायू रक्ताविना कमी वेळ टिकतो. पण ‘तयारी झालेली असेल तर’ हे शब्द लक्षात ठेवायचे. तयारीत काटकसर केली की वाचलेली १५ मिनिटं पुन्हा ओटीत (शस्त्रक्रियागृहात) यायच्या वेळी व्याजासकट फेडावी लागतात.

कड्या १ मिमीपासून ४ मिमीपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या फरकाने मिळतात. मापासाठी सोबत गेज असतो. सर्वात जास्त चुका इथेच होतात. आकुंचन पावलेल्या शिरेला गेज लावला तर माप लहान येतं. आधी पॅपाव्हरिन किंवा लिग्नोकेनचे थेंब टाकून शीर सैल होऊ द्यायची, मग मोजायची. दोन्ही बाजूंची मापं वेगळी आली तर लहान शिरेप्रमाणे कडी घ्यायची. मोठी कडी हट्टाने लावली तर भिंत ताणली जाऊन काट्यापाशी फाटते. फारच लहान घेतली तर रुंद शिरेची जास्तीची भिंत चुण्या होऊन कडीभोवती गोळा होते आणि काट्यांवर नीट बसत नाही. १.५ मिमी आणि त्याखालच्या कड्यांवर आमचा भरवसा कमी; त्या मापाला बारीक भिंत, बारीक कडी आणि कमी प्रवाह असं सगळं एकत्र येतं. शक्य असेल तर पेडिकल, म्हणजे फ्लॅपला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा देठ, वर सोलून रुंद भागापर्यंत जावं आणि २ मिमीची किंवा मोठी कडी लावावी.

लावण्याची पद्धत अशी. शिरेचं टोक सरळ, ताज्या कापाचं हवं. टोकाजवळची अॅडव्हेंटिशिया, म्हणजे शिरेचं सैल बाहेरचं आवरण, काढून टाकायची. तिचा एक तंतू आत लोंबला तरी गुठळीला निमित्त मिळतं. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) मिसळलेल्या सलाइनने तोंड धुवायचं. रक्त रोखणारा क्लॅम्प टोकापासून निदान १ सेमी लांब, नाहीतर शीर कडीतून ओढून उलटायला पुरत नाही. क्लॅम्प लावायच्या आधीच शिरेच्या वरच्या अंगावर शाईची रेघ मारायची, पीळ कळतो. मग शीर कडीतून बाहेर काढायची आणि पहिले ३ काटे एकाआड एक, म्हणजे १२० अंशांच्या अंतराने घ्यायचे. उरलेले ३ त्यांच्या मधले. सलग एका बाजूने काटे भरत गेलं की शेवटच्या काट्याला भिंत उरत नाही. प्रत्येक काटा भिंतीतून पूर्ण आरपार गेला आणि भिंत कडीच्या बुडाशी बसली हे मायक्रोस्कोपखाली तपासायचं. चिमट्याची दोन टोकं काट्याच्या दोन बाजूंना ठेवून दाबलं की ते नीट जमतं. काट्यावर अस्तराचा घेर न येता फक्त अॅडव्हेंटिशिया अडकली असेल तर वरून सगळं सुरेख दिसतं, पण सांधा गळतो.

दोन्ही बाजू भरल्या की उपकरणाची गुंडी फिरवत कड्या जवळ आणायच्या. त्या मिटतायत असं वाटलं की थांबायचं आणि जबड्यावर मॉस्किटो क्लॅम्पने (बारीक टोकाच्या चिमट्याने) दाबून कड्या पक्क्या करायच्या, नंतरच गुंडी पुढे फिरवून जोड सुटा करायचा. हा दाब विसरला तर कड्यांत केसाएवढी फट राहते. क्लॅम्प काढल्यावर रक्त झिरपतं आणि सगळे टाक्याची सुई शोधू लागतात. सुई नको. पुन्हा मॉस्किटोने हलके दाबून बहुतेकदा काम होतं.

आता तक्रारी. उपकरणाचा जबडा जाडजूड आहे. छातीत उरोस्थीच्या कडेने जाणाऱ्या इंटर्नल मॅमरी शिरेपाशी, बरगड्यांच्या मधल्या खाचेत, श्वासागणिक हलणाऱ्या भागात तो फिरवताना जागा पुरत नाही. बरगडीच्या कुर्च्याचा एखादा तुकडा काढावा लागतो. शिवाय डाव्या बाजूची ही शीर बहुधा उजवीपेक्षा बारीक असते, तेव्हा डावीकडे मापाचा खेळ आणखी अवघड. मानेत अडचण नाही. तिथे फेशियल किंवा बाहेरची जुग्युलर शीर मोकळेपणाने मिळते, आणि आतल्या जुग्युलरच्या कुशीला भोक पाडून टोक-ते-कूस जोडही करता येतो.

दुसरी तक्रार ताठपणाची. कडी शिरेचं तोंड उघडं ठेवते हा गुण. पण कडीपुढची शीर मऊच असते. पेडिकल जरा जास्त लांब सोडला किंवा मान वळली की कडीच्या काठावर शीर दुमडते, नळीला कोपर आल्यासारखी. जोड झाल्यावर मान, खांदा किंवा जवळचा हाडांचा सांधा दोन्हीकडे हलवून पाहावा आणि कडी फायब्रिन गोंदाच्या थेंबाने किंवा शेजारच्या ऊतीवर बसवावी. हाताच्या पाठीवरच्या पातळ त्वचेखाली कडी हाताला लागते, क्वचित बाहेरही डोकावते. तिथे टाकेच बरे.

धमनीसाठी कपलर वापरता येतो, पण आम्ही सुचवणार नाही. धमनीची भिंत जाड. उलटताना आतलं अस्तर तडकतं, आणि मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्या रुग्णात तर ती कडक, चुन्यासारखी झालेली असते. निर्मात्याच्या सूचनांतही कठीण झालेल्या, चुरणाऱ्या वाहिन्यांत आणि संसर्ग असलेल्या जागी वापर टाळायला सांगितलं आहे. किरणोपचार झालेल्या मानेत शीर दिसायला मऊ असली तरी काट्यावर फाटते का हे आधी टोकाचा तुकडा कापून चिमट्याने ओढून पाहावं.

एका कडीवर २० मेगाहर्ट्झचा डॉपलर प्रोब (रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणारा संवेदक) बसवलेला प्रकारही येतो. त्वचेखाली पूर्ण गाडलेल्या फ्लॅपला, जिथे रंग बघायला काहीच दिसत नाही, त्याची खरी किंमत कळते. शिरेचा आवाज अखंड, घोंघावणारा असतो. धमनी बंद पडली तरी काही वेळात तोही थांबतो, म्हणजे दोन्हींवर एकाच तारेने नजर राहते. मात्र आवाज गेला म्हणून लगेच टाके उसवायला धावू नये. प्रोब सरकला, तार ओढली गेली किंवा रुग्ण कुशीवर वळला तरी आवाज जातो. आधी स्थिती सरळ करायची, जोडणी तपासायची, आणि तरीही १० मिनिटांत आवाज परतला नाही तर ओटी तयार करायची. दिसणाऱ्या त्वचेच्या फ्लॅपला ही तार म्हणजे अनाठायी सोपस्कार. तिथे पहिले २४ तास दर तासाला रंग, उब आणि बोटाने दाबून रंग परतायला लागणारा वेळ पुरेसा सांगतो. १ सेकंदाच्या आत परतला आणि सुई टोचल्यावर काळसर रक्त भरभरून आलं तर शीर बंद; फिकट, थंड आणि कोरडा तर धमनी.

विकत घेण्याआधी नवशिक्यांनी एक हिशोब करावा. गुठळी झाली तर कडी सोडवून पुन्हा वापरता येत नाही. ती दोन्ही बाजूंच्या उलटलेल्या भिंतीसकट कापून काढावी लागते, म्हणजे शिरेचे काही मिलिमीटर जातात. पेडिकल आखूड असेल तर मग पायाची शीर मधे घालून ग्राफ्ट करायची पाळी येते, आणि तेव्हा झडपांची दिशा सांभाळत दोन सांधे, बहुधा हातानेच, शिवावे लागतात.