काचेमागची पिल्ले कोठून येतात? पुण्यातील एका प्राणी-दुकानाचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिम भागातील ज्या दुकानाविषयी हे परीक्षण आहे, ते शहरातील पाळीव प्राण्यांच्या दुकानांमध्ये वरच्या दर्जाचे समजले जाते आणि दुकानात प्रत्यक्ष दिसते तेवढ्यावरून ठरवायचे झाले तर हा लौकिक रास्त आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जी उणीव सांगणार आहे ती या एकाच दुकानाची नाही. मी पाहिलेल्या बहुतेक दुकानांत ती आहे आणि इतरांपेक्षा चांगल्या असलेल्या एका दुकानालाच त्यासाठी वेगळे काढणे अन्यायाचे होईल.

चांगल्या गोष्टी आधी सांगते. नोंदणीचे प्रमाणपत्र गल्ल्यामागे टांगलेले आहे, ते कोणाच्या नावाचे आहे आणि त्याची मुदत कधी संपते हे वाचता येते. पिंजरे ऐसपैस आहेत, जमीन कोरडी आहे, पिल्लांना तारेच्या जाळीवर उभे राहावे लागत नाही आणि दुपारच्या वेळी दिवे मंद करून त्यांना झोपू दिले जाते, ही शेवटची गोष्ट मी दुसऱ्या कोणत्याही दुकानात पाहिलेली नाही. खाद्याचा विभाग मोठा आहे, किमती ऑनलाइनपेक्षा थोड्या जास्त आहेत, पण पिशवीवरची मुदत पाहिल्याशिवाय नोकर ती हातात देत नाहीत. ग्रूमिंग, म्हणजे प्राण्यांची आंघोळ व केस-नखे कापणे, करणारा मुलगा घाबरट कुत्र्याला जबरदस्तीने धरत नाही. पट्टे, भांडी, मांजरांची वाळू, औषधी शाम्पू यांसाठी हे दुकान मी कोणालाही सुचवीन.

प्रश्न जिवंत प्राण्यांच्या विभागात सुरू होतो, आणि तोही पिंजऱ्याजवळ नव्हे, तर नोंदवहीजवळ. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. त्यांनुसार दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि प्राणी कोठून आणला, कोणाला विकला, किती मेले, याची नोंद ठेवावी लागते. त्याआधी, २०१७ मध्ये, कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी वेगळे नियम झाले होते. पैदास करणाऱ्याने, ज्याला बाजारात सगळे ब्रीडर म्हणतात, स्वतःची नोंदणी करायची, अठरा महिन्यांपेक्षा लहान मादीला गाभण करायचे नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा तिला व्यायला लावायचे नाही आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घ्यायचे नाहीत, असे ते सांगतात. म्हणजे दुकानासाठी एक कागद आहे आणि ब्रीडरसाठी दुसरा. दुकानात गेल्यावर ग्राहकाला पहिलाच कागद दाखवला जातो, आणि दुसरा मागावा हे त्याला सुचतही नाही.

मी तो मागितला. मालकांनी, हे आवर्जून लिहिले पाहिजे, टाळाटाळ केली नाही. खरेदीची वही उघडून समोर ठेवली. तीत शिह त्झू व लॅब्राडोर जातीच्या कुत्र्यांच्या आणि पर्शियन मांजरांच्या पिल्लांसमोर तारीख होती, रक्कम होती, आणि पुरवठादाराच्या रकान्यात एक नाव व एक मोबाइल क्रमांक होता. ब्रीडरचा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता, गावाचे नावही बहुतेक ओळींत नव्हते. वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या वयांच्या पिल्लांसमोर तेच एक नाव पुन्हा पुन्हा येत होते, आणि हा गृहस्थ स्वतः पैदास करीत नाही, वेगवेगळ्या ठिकाणांहून पिल्ले गोळा करून दुकानांना पोहोचवतो, हे मालकांनीच सांगितले. "मॅडम, माणूस खात्रीचा आहे, इतक्या वर्षांचा व्यवहार आहे," असे ते म्हणाले, आणि मला त्यांच्या बोलण्यात खोटेपणा जाणवला नाही. पण खात्री होती ती पैशांच्या व्यवहाराची. त्या पिल्लांच्या आया कोठे, किती जागेत ठेवलेल्या आहेत आणि त्यांचे हे कितवे वेत आहे, हे पाहायला मालक स्वतः कधी गेले नव्हते.

पिल्लांच्या वयाचा मुद्दा त्याहून स्पष्ट आहे, कारण तो ग्राहकाला स्वतः मोजता येतो. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायला नियमांची मनाई आहे, म्हणजे किमान छप्पन दिवस झाले पाहिजेत. बाजारात मात्र "पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू" हे इतके रूढ माप झाले आहे की जाहिरातींतही ते उघडपणे छापले जाते. या दुकानातील एका पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर वय दोन महिने लिहिले होते. त्याच पिल्लाच्या लसीकरण पुस्तिकेत पहिली लस, जी साधारण सहा आठवड्यांचे झाल्यावर दिली जाते, मी गेले त्याच आठवड्यात दिल्याची नोंद होती. लस उशिरा दिली गेली असेल, हेही शक्य आहे, म्हणून मी यावरून आरोप करीत नाही. पण जन्मतारीख कोणी सांगितली, असे विचारल्यावर उत्तर पुन्हा त्याच पुरवठादाराच्या मोबाइल क्रमांकापाशी जाऊन थांबले. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू किती जोरात चावायचे हे आपल्या भावंडांकडून शिकत नाही, पुढे घरात ते मुलांना चावते, आणि मग तेच पिल्लू "स्वभावाने वाईट" ठरते. तोपर्यंत दुकान आणि पुरवठादार दोघेही त्या गोष्टीतून बाहेर पडलेले असतात.

कागदपत्रांबद्दल विचारले की बहुतेक दुकाने केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र पुढे करतात, येथेही काही पिल्लांसाठी जास्त पैसे घेऊन ते देण्याची सोय आहे. चेन्नईतील या संस्थेचे प्रमाणपत्र पिल्लाची वंशावळ सांगते, त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे त्यात असतात. पण त्याची आई या घडीला कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणे त्या कागदाचे काम नाही आणि ग्राहकाने तसे समजू नये. उपयोगाची खरी वस्तू मायक्रोचिप आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली बसवली जाते, तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो, आणि पैदाशीच्या ठिकाणीच ती बसवली व तो क्रमांक ब्रीडरच्या नावावर नोंदवला, तर पिल्लू कितीही हातांतून गेले तरी मूळ ठिकाण लपवता येत नाही. कुत्रा विकण्यापूर्वी त्याला चिप बसवावी, असे २०१७ चे नियमही म्हणतात. या दुकानात चिप वाचण्याचे यंत्र आहे, ही कौतुकाची गोष्ट आहे. परंतु पिल्लू विकले गेल्यावर, ग्राहकाने मागणी केल्यास, दुकानाच्या ओळखीचे डॉक्टर चिप बसवून देतात, आणि त्यामुळे नोंद सुरू होते ती ग्राहकापासून. जन्मापासून दुकानापर्यंतचा जो प्रवास तपासायचा, नेमका तोच कोरा राहतो.

याचा परिणाम खरेदीदारालाही भोगावा लागतो. दुकान विकलेल्या पिल्लाच्या तब्येतीची ४८ तासांची हमी देते. पार्वो या जीवघेण्या रोगाची लक्षणे संसर्गानंतर सहसा तीन ते सात दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. गर्दीच्या, अस्वच्छ जागेत किंवा टेम्पोतील सामाईक पेटीत लागलेला रोग हमी संपल्यावर घरी उघडा पडतो, आणि दुकानाची स्वच्छ फरशी त्यात काहीही करू शकत नाही. हमीचा काळ पुरवठादाराच्या बेफिकिरीला पुरून उरेल इतका ठेवला, तर दुकानदार आपोआप पुरवठादार निवडताना काटेकोर होईल, असे मी मालकांना सुचवले. ते हसून म्हणाले की मग धंदा बंद करावा लागेल. त्या विनोदात बरेच काही कबूल झाले, असे मला वाटते.

ब्रीडरचे नाव बिलावर का देत नाही, याविषयीचा त्यांचा मुद्दा मात्र गंभीरपणे घेण्यासारखा आहे. बिलावर ब्रीडरचे नाव आणि पत्ता छापला तर ग्राहक पुढच्या वेळी, किंवा त्याच दिवशी, दुकान टाळून थेट तेथे जाईल आणि दुकानाचा नफा बुडेल, असे ते म्हणाले. व्यापारी म्हणून त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण त्याला उत्तर आहे: पत्ता छापू नये, नोंदणी क्रमांक छापावा. क्रमांकावरून मंडळाला आणि तपासणी अधिकाऱ्याला ठिकाण सापडेल, ग्राहकाला दुकान टाळता येणार नाही, आणि ज्याच्याकडे क्रमांकच नाही अशा पुरवठादाराचा माल या दुकानात येऊ शकणार नाही. ही सूचना मालकांनी लिहून घेतली. अमलात येते का, ते पुढच्या खेपेस पाहीन.

काही देशांनी हा गुंता दुकानालाच मधून काढून सोडवला आहे. वेल्समधील एका पैदास केंद्रातून २०१३ मध्ये सोडवलेल्या लुसी नावाच्या स्पॅनियल कुत्रीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला, आणि तेव्हापासून तेथे सहा महिन्यांखालील कुत्र्याचे वा मांजराचे पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकत घेता येत नाही. पैदास करणाऱ्याच्या जागी जाऊन, आईसोबत पाहूनच घ्यावे लागते, नाहीतर निवारा केंद्रातून दत्तक. फ्रान्सने २०२४ पासून दुकानांतून कुत्री-मांजरे विकणे बंद केले. अमेरिकेत सर्वत्र असा कायदा नाही, तेथे दबाव बहुधा बाहेरून येतो: २०१६ मध्ये प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पेटा संस्थेने पेन्सिल्व्हेनियातील, उंदीर-हॅमस्टरसारखे लहान प्राणी पुरवणाऱ्या एका मोठ्या केंद्रातील अवस्थेचे गुप्त चित्रण प्रसिद्ध केल्यावर पेटको आणि पेटस्मार्ट या साखळी दुकानांनी त्याच्याशी व्यवहार तोडले. चित्रण झाले म्हणून व्यवहार तुटले. तोवर त्याच केंद्राचे प्राणी त्यांच्या चकचकीत फडताळांवर बिनबोभाट येत होते.

आपल्याकडे दुकानदाराला धाक वाटावा असे शिक्षेत फारसे काही नाही. १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, आणि हा आकडा कित्येक दशके तसाच आहे. या दुकानात कुत्र्याचे एक बिस्किटाचे पाकीट त्याहून महाग आहे. नोंदणी रद्द होण्याची भीती त्यापेक्षा खरी असते, पण त्यासाठी कोणीतरी तक्रार करायला हवी, आणि तक्रारीसाठी पुरवठादाराचे ठिकाण माहीत हवे. बिलावर पिल्लाची किंमत असते, त्याच्या आईचा उल्लेख कुठल्याही कागदावर नसतो. ग्राहक आयोगात जाऊन आजारी पिल्लाचे पैसे परत मिळवता येतात, त्याच्या आईसाठी तिथे जाणारे कोणी नाही.

आता पक्षी आणि छोटे प्राणी. देशी पोपट किंवा मुनिया येथे ठेवत नाहीत, वन्यजीव कायद्याने त्यांना मनाई आहे हे नोकरांनाही पाठ आहे आणि कोणी हळूच विचारले तरी ते नकार देतात, हे मी स्वतः ऐकले. परंतु ज्यांना बाजारात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात त्या रंगीत बजरीगर पक्ष्यांची, हॅमस्टरची आणि सशांची नोंद कुत्र्यांपेक्षाही तोकडी आहे: नग आणि रक्कम, बस्स. एका खोक्यातून किती पक्षी आले, वाटेत किती मेले, हे लिहिलेलेच नाही, कारण मेलेल्या पक्ष्यांचे पैसे पुरवठादार पुढच्या हिशेबात वळते करून देतो आणि दुकानाच्या दृष्टीने विषय तेथे मिटतो. वाटेतले मृत्यू हेच पुरवठादार कसा आहे हे ओळखण्याचे सर्वांत सोपे माप आहे आणि ते ठेवायला एका जादा रकान्यापलीकडे काही खर्च नाही. मालक म्हणाले की पक्षी कोठून येतात हे आजवर कोणत्याच ग्राहकाने विचारलेले नाही.

खाद्य, साहित्य आणि ग्रूमिंग यांसाठी मी या दुकानाला पाचपैकी साडेचार गुण देते. दुकानात असताना प्राण्यांची जी काळजी घेतली जाते तिच्यासाठी चार. प्राणी कोठून येतात याचा हिशेब देण्यासाठी एक, आणि तो एकही वही दाखवण्याच्या मोकळेपणासाठी. पिल्लू घ्यायचेच असेल तर पैसे देण्यापूर्वी ब्रीडरचा नोंदणी क्रमांक बिलावर लिहून मागावा, पिल्लाला चिप आधीच बसवलेली आहे का हे दुकानातल्याच यंत्राने तपासून घ्यावे, आणि दोन्ही नसल्यास तसे लेखी मागावे. औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, तेथे तक्रार करताना तो कागद उपयोगी पडतो. ग्रूमिंगसाठी रविवारी गर्दी असते, वेळ आधी ठरवून जावे.