एपिक्युरसची बाग की झेनोची ओसरी?

एपिक्युरस आणि स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो, दोघेही प्राचीन ग्रीसमधले तत्त्वज्ञ. शहर अथेन्सच, काळही एकच. एपिक्युरसने इ.स.पू. 306च्या सुमारास बाग विकत घेतली. तिथे बायका आणि गुलामही शिकायला बसत. झेनो मात्र भर बाजारपेठेत, चित्रांनी सजवलेल्या खांबांच्या ओसरीत येरझाऱ्या घालत शिकवायचा.

एपिक्युरस म्हणजे खा-प्या-मजा करा, हा आपला जुना गैरसमज. हा गृहस्थ पाणी-भाकरीवर खूश! मित्राकडे छोटं मडकंभर चीज मागतो, तेही कधी मेजवानी करावीशी वाटली तर असावं म्हणून. अंगाला दुखणं नाही, मनाला धास्ती नाही, हेच त्याचं सुख. राजकारणापासून चार हात लांब. झेनोपंथीयांना सद्गुण तेवढा पुरे, पण गावकी टाळणं त्यांना नामंजूर. मला झेनो पटतो. जेवायला मात्र बागेतच जाईन.