दारावर आलेला 'कोर्टाचा माणूस' आणि माझे 18 हजार

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या आमच्या घरी दुपारी एक जण आला, खाकी पॅन्ट, हातात फाईल, आईला म्हणाला कोर्टातून सम्मन आलाय, तामील करायचाय, म्हणजे बजावायचाय, पण घरातल्या पुरुषालाच देता येतो, बोलवा कोणाला तरी. आई घाबरली, मी ऑफिसमधून तसाच स्कूटरवर निघालो.

कागद धाकट्या भावाच्या नावाचा. तो पुण्याला असतो, फोन लागेना. कलम 420, उद्या सकाळी 11 वाजता हजर व्हा, नाहीतर वॉरंट. गोल शिक्का वगैरे सगळं. भावाने मागे एकाबरोबर धंदा केला होता तो बुडाला, त्यामुळे मला खरंच वाटलं ना. मग तो माणूस आवाज खाली करून म्हणाला, "भिया, लिख देता हूँ मुलजिम मिला नहीं, दो महीने की तारीख मिल जाएगी." म्हणजे आरोपी सापडला नाही असं लिहून देणार. वीस मागितले, अठरावर आला. मी क्यूआर स्कॅन करून मोकळा. चहापण पाजला आईने त्याला, वर शेव!

तिसऱ्या दिवशी कोर्टाचा रीडर, म्हणजे न्यायाधीशांसमोरचा कारकून, म्हणून कोणाचा तरी फोन आला, अजून 25 द्या म्हणे. तेव्हा कुठे कागद घेऊन शेजारच्या वकील काकांकडे गेलो. त्यांनी बोटाला थुंकी लावून शिक्क्यावर घासलं, शाई हलेचना, म्हणजे बहुधा प्रिंटआउट. गुन्ह्याची तारीख 2025 ची आणि कलम 420 चं, पण 1 जुलै 2024 नंतरच्या गुन्ह्याला आयपीसी, म्हणजे जुनी दंड संहिता, लागतच नाही, फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. प्रत्येक केसला कोर्टाचा एक सीएनआर नंबर असतो, तो 16 अक्षरांचा, ह्यावर 14 च.

आणि "पुरुषालाच देतो" हे तर जुन्या कायद्यातलं. आता आरोपी सापडला नाही तर त्याच्यासोबत राहणाऱ्या, कुटुंबातल्या कुठल्याही सज्ञान माणसाकडे देतात, आईकडेही चाललं असतं. पण भाऊ इथे राहतच नाही, पत्ता पुण्याचा, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. खऱ्या समन्सच्या दोन प्रती असतात, एक आपल्याला ठेवायची, दुसरीच्या मागे आपली सही घेऊन तो परत नेतो. ह्याने एकच कागद दिला, सही मागितलीच नाही. मला वाटलं सुटलो.

आता समन्स मोबाईलवरही येऊ शकतं, त्यामुळे नुसतं "फोनवर आलंय म्हणजे खोटं" असंही धरू नका. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर किंवा नाव टाकून बघा, पाच मिनिटं लागतात. आणि दारावरच्याला विचारा, कुठल्या ठाण्याचा किंवा कोर्टाचा, मग त्याने दिलेल्या नंबरवर नाही, स्वतः नंबर शोधून तिथे फोन लावा.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी फोन केला पण तीन दिवस झालेले, पैसे केव्हाच पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. भावाला विचारलं तर त्याच्यावर केसच नाही कुठली. मग ठाण्यात तक्रार लिहायला बसलो, हवालदार म्हणाला पैसे कशासाठी दिले ते साफ लिहा. पेन हातात धरून दहा मिनिटं बसलो होतो, शेवटी लिहिलं, समन्स बजावू नये म्हणून.