धर्मादाय बेडसाठी 'टोकन' मागणाऱ्यांपासून सावध राहा

मुंबईत ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत गरिबांसाठी राखीव बेड असतात. ते 'मिळवून देतो' म्हणत पैसे उकळणारे लोक सरकारी रुग्णालयांच्या आवारात, धर्मशाळांबाहेर आणि मेडिकल दुकानांपाशी भेटतात. ते जे विकतात ते त्यांचं नसतंच. कायद्याने ते आधीच रुग्णाला दिलेलं असतं, आणि त्यासाठी अर्जाला फी नाही, बेडला टोकन नाही. खालचा अनुभव एका कुटुंबाचा आहे. त्यांची ओळख कळेल असं काही लिहिलेलं नाही, पण फसवणुकीची पायरी न् पायरी लिहिली आहे, कारण बहुतेक प्रकरणांत याच पायऱ्या याच क्रमाने येतात.

मानखुर्दच्या ६१ वर्षांच्या आजी मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलगा कुरिअरच्या गोदामात कंत्राटावर, पगार महिन्याला १३,०००. पालिकेच्या रुग्णालयात ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तिथेच एक्स-रेच्या रांगेत एक माणूस भेटला. खिशात 'रुग्णसेवक' छापलेलं कार्ड, मोबाइलमध्ये पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. "केशरी कार्ड आहे ना? मग काम झालंच समजा. पण बेड अडकवून ठेवायला लागतो, दादा. संध्याकाळपर्यंत टोकन आलं नाही तर दुसरी पार्टी तयार आहे."

आधी फाइलचे ५,०००. मग उत्पन्नाचा दाखला 'दोन तासांत' काढून देण्याचे ४,०००. टोकन २५,०००. शेवटी खुब्यात बसवायच्या इम्प्लांटसाठी 'ओळखीच्या दुकानातून निम्म्या भावात' म्हणून १८,०००. एकूण ५२,०००. चारही वेळा पैसे यूपीआयने गेले आणि चारही वेळा खात्यावरचं नाव वेगळं होतं. पावती एकाचीही नाही.

ट्रस्टच्या रुग्णालयाच्या दारात तो म्हणाला, "आत काही बोलू नका. साधं ॲडमिशन घ्या, फाइल आतून सरकतेय." सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी असते. दाखल होताना कुटुंबाने रुग्णालयाच्याच समाजसेवा विभागात जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांत खरं कळलं असतं, आणि तेच त्याला टाळायचं होतं. कुटुंबाने ३०,००० डिपॉझिट भरलं आणि पैसे भरणारे रुग्ण म्हणून फॉर्मवर सह्या केल्या. चौथ्या दिवशी बिलाचा आकडा बघून मुलगा घाबरला आणि स्वतःच समाजसेवा विभागात गेला. तिथे दाखल्यावरचा क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला. असा दाखला कधी दिलाच गेला नव्हता. इम्प्लांटही आलं नाही. बाहेरून आणलेलं इम्प्लांट ते रुग्णालय घेतच नव्हतं. एजंटचा फोन त्या दुपारपासून बंद.

तो दाखला नीट बघण्यासारखा आहे. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला, गोल शिक्का ठळक निळा, बारकोड इतका फिकट की स्कॅनच होत नाही. उत्पन्नाच्या रकान्यात ८४,०००. हाच आकडा का? कारण पूर्वी मोफत उपचारासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८५,००० होती. एजंटने जुनी मर्यादा डोक्यात ठेवून आकडा बसवला. आता ती मर्यादा १ लाख ८० हजार आहे. या घराचं खरं उत्पन्न १ लाख ५६ हजार. म्हणजे खरा दाखला काढला असता तरी आजी पूर्ण मोफत उपचाराला पात्रच होत्या. खोटेपणाची गरजच नव्हती, आणि त्या खोट्या कागदामुळेच त्यांचा खरा हक्क अडकला. आम्हाला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो.

आता कायदा काय सांगतो ते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू असलेली योजना हा सगळ्याचा पाया. धर्मादाय रुग्णालयाने चालू बेडपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीत ठेवायचे असतात. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा ३ लाख ६० हजार. खर्चासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात जमा करतं. बेड, नर्सिंग, निवासी डॉक्टरांची सेवा, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे निर्धन रुग्णाकडून घ्यायचे नसतात. औषधं, साहित्य आणि इम्प्लांट हे खरेदीच्या किमतीत धरून त्या निधीतून वळते होतात. म्हणून 'निर्धन' म्हणून मंजूर झालेल्या रुग्णाला कुणी इम्प्लांट बाहेरून आणायला सांगत असेल तर तिथेच थांबा. एजंटचं कमिशन बहुतेक वेळा त्या दुकानातच असतं.

तातडीच्या रुग्णाबद्दल योजनेत स्वतंत्र तरतूद आहे. धर्मादाय रुग्णालयाने त्याला लगेच दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, आणि दाखल करताना डिपॉझिट मागायचं नाही. कागदपत्रं नंतर. त्याआधीच, १९८९ साली, परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जखमी माणसाचा जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. कॅश काउंटरवरच्या माणसाला ही तरतूद आणि हा खटला माहीत नसतो. त्याच्याशी वाद घालू नका, ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा.

अर्ज करायचा तो असा. आधी उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा असतो आणि सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून स्वतः काढता येतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. मानखुर्द, चेंबूर, घाटकोपर हा भाग कुर्ला तालुक्यात येतो, पण त्याचं तहसील कार्यालय मुलुंडला आहे, आणि इथेच लोकांचा अर्धा दिवस जातो. गावाहून आलेल्या रुग्णाने दाखला आपल्या गावच्या तहसीलचाच काढावा. मुंबईतला पत्ता लावून काढून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला अडचणीत आणतो. दाखला वेळेत मिळणं हा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालचा हक्क आहे, मुदत उलटली तर अपील करता येतं. हातात आला की त्यावरचा क्रमांक स्वतः पोर्टलवर टाकून बघा. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय का तेही बघा. एका अक्षराच्या फरकाने फाइल परत येते.

मग दाखला, रेशन कार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णालयाने दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक घेऊन थेट समाजसेवा विभागात जा. वैद्यकीय समाजसेवक मुलाखत घेतात, घरात कमावणारे किती, भाडं किती, असं विचारतात. खरं सांगा. निर्धनमध्ये बसत नसाल तर दुर्बल घटकात बसू शकता, पण एकदा खोटं सापडलं की दोन्हीकडचा विश्वास जातो.

वेळ फार महत्त्वाची. अर्ज दाखल होतानाच द्या. पैसे भरणारा रुग्ण म्हणून आधीच दाखल झाला असाल तर कागद हातात आल्या दिवशी द्या, डिस्चार्जची वाट बघू नका. बिल भरून घरी गेल्यावर सवलत मागितली तर ती मिळवणं जवळपास अशक्य होतं. आणि दोन बेडची खोली किंवा एसी खोली घेऊ नका. राखीव बेड जनरल वॉर्डातला असतो. 'आत्ता खोली घ्या, मग बदलून देऊ' असं तोंडी कुणीही सांगेल, पण फॉर्मवर जे लिहिलं तेच राहतं.

'बेड भरलेले आहेत' हे उत्तर खरंही असू शकतं. राखीव आणि शिल्लक बेडची संख्या रुग्णालयाने दर्शनी भागात लावायची असते. तो फलक बघा, तारखेसह फोटो काढा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरही रुग्णालयांची यादी आहे. 'निधी संपला' असं सांगितलं तर ते लेखी मागा. खर्च जमेपेक्षा जास्त झाला तर रुग्णालयाने ते या योजनेवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे मांडायचं असतं. तेवढ्याने १० टक्के बेडची अट सुटत नाही. तक्रार वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी द्यावी. रुग्ण अजून दाखल असतानाच दिली तर तिचा उपयोग जास्त होतो.

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर आधी तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, गाठा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या उपचारांसाठी कॅशलेस. मंजुरी मिळाल्यावर त्याच उपचारासाठी 'वरचे' पैसे मागितले तर योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार करा.

खऱ्या रुग्णसेवकांवर या सगळ्यात अन्याय होऊ नये. मुंबईत अनेक माणसं पदरमोड करून रुग्णांच्या फाइली घेऊन फिरतात. फरक ओळखणं सोपं आहे. खरा माणूस तुम्हाला समाजसेवकांच्या टेबलापर्यंत नेतो आणि तुम्हालाच बोलायला लावतो. फसवणारा तुम्हाला त्या टेबलापासून लांब ठेवतो.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत बँकेला ते रोखता आले तरच हाती लागतात. या कुटुंबाने नवव्या दिवशी फोन केला, तोवर चारही खाती रिकामी होती. व्यवहार क्रमांक, चॅट, कार्डाचा फोटो यातलं काहीही पुसू नका. रागाच्या भरात त्याचा नंबर ब्लॉक करून चॅट उडवणारे बरेच असतात, आणि पुरावा तोच असतो. फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खोटा दाखला मिळाला असेल तर तो स्वतःहून पोलिसांना द्या. खोटा आहे हे कळल्यावरही तो कुठे खरा म्हणून दाखवलात तर गुन्हा तुमच्यावर येतो.

बिलापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीत मृतदेहाबाबत हे स्पष्ट आहे. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणंही त्याच नियमांत आहे. उपचारांच्या कागदांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. आणि मोफत उपचार घेतले म्हणून तक्रारीचा हक्क जातो असं मानू नका. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार मिळालेला रुग्णही ग्राहकच, हे १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात ठरलेलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोबदल्यापोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

मानखुर्दच्या मुलाने पुढे मुलुंडहून खरा दाखला काढला, पोलिसांत दिलेल्या फिर्यादीची प्रत जोडली आणि वरळीला अर्ज दिला. ऑपरेशन झालं, आजी वॉकर धरून उभ्या राहतात. बिलाची उरलेली रक्कम आणि डिपॉझिट यांचं काय करायचं हे अजून ठरायचं आहे.

समाजसेवा विभागात द्यायच्या अर्जाचा मजकूर इतकाच पुरतो: "माझी आई (नाव, वय, केस पेपर क्रमांक) आपल्या रुग्णालयात (आजार) यासाठी दाखल आहे / होणार आहे. आमचं वार्षिक उत्पन्न (रक्कम) आहे, दाखला क्रमांक (…). कलम ४१कक खालील योजनेनुसार निर्धन / दुर्बल घटक रुग्ण म्हणून उपचार मिळावेत. अर्ज नाकारल्यास कारण लेखी कळवावं." खाली सही, मोबाइल नंबर, तारीख आणि वेळ. दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच कागद त्याच दिवशी रुग्णालयाच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा, आणि पोस्टाची पावती केस पेपरला टाचून ठेवा.